कॉम्पॅक्ट मिल-टर्न: वाय अ‍ॅक्सिसचा टरेट, बी अ‍ॅक्सिस की स्लायडिंग हेड?

वाळूज_प्रिसिजन

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीतल्या शेडसाठी मिल-टर्न (एकाच मशीनमध्ये टर्निंग आणि मिलिंग) घ्यायचं चाललंय. तीन जातीच्या मशीनची कोटेशनं आलीत आणि तिघेही आपलंच मशीन या कामाला बरोबर बसतं म्हणतात. म्हणून जॉबच मांडतो, त्यावरून सांगा.

एसएस ३१६एल, सेन्सरची बॉडी. बार ४० मिमी, तयार व्यास ३८, लांबी ९२. पुढून १८ एच७ (ठरलेली टॉलरन्स) बोअर, ४० खोल. मागे २४ चं स्पिगॉट (बाहेर आलेला गोल भाग), बोअरशी कॉन्सेंट्रिसिटी (दोन्हींचा सेंटर एक असणं) ०.०२. बाहेर एम३६×१.५ आटे, ३२ च्या दोन फ्लॅट, १५ लांब. तोंडावर पीसीडी (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) २८ वर एम५ चे तीन टॅप. आडवं ६ मिमीचं भोक, सेंटरपासून ७ मिमी बाजूला. आणि एक ४ मिमीचं तिरकं भोक, जॉबच्या अक्षाशी ३५ अंश. असे १४ प्रकार, लांबी आणि भोकांच्या जागा बदलतात, दोन प्रकारांत तिरका कोन ४५ आहे. लॉट ४० ते २५० नगांचा.

सध्या लेथवर दोन सेटिंग, मग व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग सेंटरवर) इंडेक्सर (जॉब ठरलेल्या कोनात फिरवणारं साधन). नुसत्या सेटिंगला मिळून साडेचार तास.

पर्याय: (अ) दोन स्पिंडल, एक टरेट (टूलचं फिरतं डोकं), टूल सेंटरपासून बाजूला नेणारा वाय अ‍ॅक्सिस. (ब) टूल तिरकं करणाऱ्या बी अ‍ॅक्सिसचं छोटं मिलिंग स्पिंडल, सब-स्पिंडल (समोरचं दुसरं स्पिंडल), टूल मॅगझिन. (क) ३८ मिमीचं स्लायडिंग हेड (बार गाइड बुशमधून, म्हणजे टूलशेजारच्या आधारातून, सरकवणारं मशीन). मोकळी जागा ६ बाय साडेचार मीटर.

शेंद्रा_टूलरूम

(क) आजच कागदावरून काढा. ४० चा बार ३८ च्या मशीनमध्ये जात नाही, आणि बार आधी बाहेर टर्न करून आणायचा म्हणजे वाचवलेलं सेटिंग पुन्हा आलंच. दुसरं, तुमची लांबी भागिले व्यास अडीचच्या आत आहे. गाइड बुशची खरी किंमत वसूल होते ती हे प्रमाण तीन-चारच्या पुढं गेलं की, जिथं जॉब टूलखाली वाकतो. तुमचा जॉब आखूड आणि जाड आहे, तो कुठं वाकणार?

शिवाय गाइड बुशला बार ग्राउंड आणि एकसारखा लागतो. साधा पील्ड (नुसती वरची साल काढलेला) बार घातला तर एका टोकाला ढिला, दुसऱ्या टोकाला घट्ट. ढिल्या जागी गोलाई जाते, घट्ट जागी बुश चावतं. बरीच मशीन आता बुश काढूनही चालतात, पण मग स्लायडिंग हेडचा मूळ फायदा उरत नाही. या जातीत एक गोष्ट मात्र मनापासून चांगली आहे. सिटिझनच्या एलएफव्हीसारख्या पद्धतीत फीडच्या दिशेनं टूल पुढं-मागं हलवून चिप तोडतात, आणि ३१६एलची लांब चिप हीच तुमची रोजची डोकेदुखी असणार. तो प्रश्न (अ) किंवा (ब) घेतलं तरी राहतोच, त्याची सोय आधी मागा: ७० बार प्रेशरचा कूलंट, आणि तो टूलच्या आतून.

जालना_लेथ

वाय अ‍ॅक्सिस लागतोच का? सी (जॉबचं कोनात फिरणं) आणि एक्सवर (टूलचं सेंटरकडं सरकणं) भागत नाही का? किमतीत फरक मोठा पडतो म्हणून विचारतो.

शेंद्रा_टूलरूम

या जॉबला लागतोच, भाऊ. सी-एक्समध्ये आडवं टूल कायम जॉबच्या सेंटरकडंच बघतं. सेंटरपासून ७ मिमी बाजूला असलेलं भोक त्यात येतच नाही, कितीही प्रोग्रॅम लिहा. तोंडावरचे एम५ सी-एक्सवर निघतील. फ्लॅट जी१२.१ लावून पोलर इंटरपोलेशननं (जॉब फिरवत आणि टूल आत-बाहेर करत) निघतात, पण तिथं सपाटी सी अ‍ॅक्सिसच्या ब्रेकविना, सर्व्होच्या जोरावर कापली जाते. ३१६एलमध्ये कटर जोरात ओढला की पृष्ठावर लाटा उमटतात. वाय असला की सी ब्रेक लावून लॉक करायचा आणि कटर सरळ रेषेत चालवायचा.

की-वेचंही तेच. वाय नसेल तर खाचेची रुंदी म्हणजे कटरचा व्यास. कटर झिजला की खाच अरुंद. वाय असेल तर लहान कटरनं रफ करून दोन्ही भिंती वेगवेगळ्या ऑफसेटनं फिनिश करता येतात.

वायचा प्रवास कॅटलॉगमध्ये ±३५, ±५० असा लिहितात. तुमच्या भोकाला ७ पुरतात, पण १६ चा एंडमिल ३८ च्या जॉबवरून आरपार न्यायचा तर १९ अधिक ८ म्हणजे २७ आणि वर थोडी सुटी जागा. ±३५ च्या खाली जाऊ नका. आणखी एक बघा. वाय खरा काटकोनात आहे की एक्सला तिरका बसवून दोन्हींच्या मेळातून केलेला आहे? दुसरा प्रकार वाईट नाही, पुष्कळ चांगल्या मशीनमध्ये आहे. फक्त तिथं वाय हलताना एक्सही हलतो, त्यामुळं एक्सचा बॅकलॅश (स्क्रूतली ढिलाई) फ्लॅटवर दिसतो. टेस्ट कटला फ्लॅटवर डायल फिरवूनच बघा.

कॅमवाला_संभाजीनगर

माझं मत (ब) कडं आहे आणि कारण पाच अ‍ॅक्सिसची हौस नाही. टूल मोजा.

रफ टर्निंग, फिनिश टर्निंग, बोअरचं ड्रिल, बोअरिंग बार, थ्रेडिंग, पार्टिंग, ही सहा. १६ चा एंडमिल, ६ चं ड्रिल, तिरक्या भोकाला ४ चा एंडमिल आणि ४ चं ड्रिल, तोंडाला चॅम्फर, ४.२ चं ड्रिल, एम५ टॅप, ही सात लाईव्ह (स्वतः फिरणारी). मागच्या बाजूला कमीत कमी दोन. झाली पंधरा. टरेट बारा स्टेशनचा. मग डबल होल्डर लावा, अर्ध्या इंडेक्सवर टूल बसवा. बसतील. पण १४ प्रकारांत कुठं ५ चं ड्रिल, कुठं एम४ टॅप आला की दर वेळी टरेट उघडा, होल्डर बदला, टच-ऑफ (टूलचं माप) घ्या. ४० नगांच्या लॉटला हेच मारतं.

बी अ‍ॅक्सिसच्या मशीनला मॅगझिनमध्ये छोट्या आकारातही वीस-चाळीस टूल बसतात. सगळ्या प्रकारांची टूल कायम भरलेली राहतात, लॉट बदलताना कॉलेट (बार धरणारी पकड) आणि प्रोग्रॅम एवढंच. ३५ अंश आणि ४५ अंश हा फरक प्रोग्रॅममधला एक आकडा. त्यासाठी फॅनक कंट्रोलला जी६८.२ आणि जी५३.१, सीमेन्सला सायकल८००. कोन धरून लॉक केला की साधं ड्रिलिंग. यासाठी पाचही अ‍ॅक्सिस एकदम चालणारा कंट्रोल लागत नाही, तो ऑप्शन कोटेशनमधून काढायला लावा.

दुसरा मुद्दा स्पीडचा. टरेटच्या लाईव्ह टूलला बहुधा ४,००० ते ६,००० आरपीएम. ४ च्या ड्रिलला ३१६एलमध्ये ५० मीटर कटिंग स्पीड धरला तर जवळपास ४,००० आरपीएम, म्हणजे ठीक. पण उद्या २ मिमीचा कटर आला तर ६,००० वर कटिंग स्पीड फक्त ३७-३८ मीटर मिळतो. कार्बाइड घासत बसतो, बिल्ट-अप एज येते (धारेवर धातू चिकटतो), टूल तुटतं. मिलिंग स्पिंडलला १२,००० आरपीएम सहज मिळतो.

शेंद्रा_टूलरूम

मॅगझिनचा मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही येऊ द्या. खालचा टरेट नसलेल्या बी अ‍ॅक्सिस मशीनमध्ये एका वेळी एकच टूल कापतं. मेन स्पिंडलवर पुढची बाजू चालू असताना सबवरचा जॉब नुसता धरून उभा. अर्थात (अ) मध्येही टरेट एकच असला तर हेच होतं! दोन्ही स्पिंडलवर एकदम काम हवं असेल तर दुसरा टरेट किंवा मागच्या कामाला वेगळा टूल ब्लॉक लागतो. दोन स्पिंडल म्हणजे निम्मा सायकल टाइम, हा हिशेब विक्रेते सहज करून दाखवतात, तो तपासा.

बी अ‍ॅक्सिसवर टर्निंग करताना मिलिंग स्पिंडल दातेरी कपलिंगनं लॉक होतं आणि इन्सर्टचा जोर स्पिंडलच्या नाकावरून वर जातो. छोट्या मशीनमध्ये टूल धरायला कॅप्टो सी४, सी५ किंवा एचएसके-टी येतं. ४० च्या बारवर दोन-अडीच मिमी डेप्थ निघते, पण तेच काम बीएमटी (होल्डर बोल्टनं बसणाऱ्या) टरेटवर जास्त शांत चालतं. आणि धडक! टरेट धडकला तर अलाइनमेंट करून, होल्डर बदलून पुन्हा उभा राहतो. मिलिंग स्पिंडल धडकलं तर बेअरिंग, कधी पूर्ण कार्ट्रिज. ते स्पिंडल भारतात स्टॉकला आहे का, हे लेखी घ्या. तोंडी नको.

वाळूज_प्रिसिजन

सगळं टिपून घेतोय. बीएमटी आणि व्हीडीआय यात काय धरू? (अ) च्या दोन कोटेशनांत एक बीएमटी५५ आहे, एक व्हीडीआय३०.

जालना_लेथ

बीएमटी. व्हीडीआयचा होल्डर एका दातेरी शँकवर बसतो, एका वेजनं आवळतो. बदलायला पटकन, पण आडव्या लाईव्ह टूलचा जोर आला की हलकासा वळतो आणि डायल लावून सरळ करावा लागतो. बीएमटी तोंडावर चार बोल्टनं आणि कीवर बसतं. ३१६एलच्या फ्लॅटला तेच हवं.

शेंद्रा_टूलरूम

बरोबर. लाईव्ह टूलच्या मोटरचा टॉर्क वाचताना मात्र जपा. कॅटलॉगमधला मोठा आकडा थोड्या वेळाचा असतो, सलग रेटिंग वेगळं मागा. तुमच्या फ्लॅटचा हिशेब: १६ चा चार धारेचा एंडमिल, कटिंग स्पीड ८० मीटर म्हणजे सुमारे १,६०० आरपीएम, दाताला ०.०६ फीड म्हणजे मिनिटाला ३८० मिमी. १५ रुंद, ३ खोल एका पासात घेतलं तर मिनिटाला १७ घन सेंमी धातू निघतो. ३१६एलला पाऊण किलोवॅटहून थोडी जास्त पॉवर लागते, म्हणजे साधारण ५ न्यूटन-मीटर. सलग रेटिंग याच्या दुप्पट असेल तर कटर बोथट झाल्यावरही मोटर दमणार नाही.

आतून कूलंट येणारा लाईव्ह होल्डर घेतला तर कूलंट बंद ठेवून तो फिरवू नका. आतलं सील कोरडं पडून जळतं, मग कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं. ऑपरेटर वॉर्म-अप प्रोग्रॅम कोरडाच चालवतात, तिथंच होल्डर जातात.

चिकलठाणा_क्यूए

०.०२ कॉन्सेंट्रिसिटीवर कुणी बोललं नाही, आणि मला वाटतं तुमचा निर्णय तिथंच अडकणार आहे. बोअर मेनवर होतो, स्पिगॉट सबवर. मधे जॉब एका कॉलेटमधून दुसऱ्यात जातो. मेन आणि सबचे सेंटर एकमेकांपासून ५ मायक्रॉन सरकले तर कॉन्सेंट्रिसिटीत १० दिसतात. उरलेल्या १० मध्ये कॉलेटचा रनआउट (फिरताना सेंटर डळमळणं), चिपचा कण, सगळं भागवायचं.

करायचं काय? सबला इमर्जन्सी कॉलेट (मशीनवर बोअर करता येणारं मऊ कॉलेट) घ्या आणि मशीनवरच, गरम मशीनवर, ३८ च्या मापाला बोअर करा. पकडताना दोन्ही स्पिंडल एकाच आरपीएमला आणि फेजला सिंक हवीत, तरच फ्लॅट आणि आडव्या भोकाचा कोन मागच्या बाजूच्या कामाशी जुळतो. सब पुढं येऊन जॉबला टेकतो तेव्हा टॉर्क लिमिट स्किप (ठरावीक जोर आला की थांबणं) लावा, फॅनकला जी३१ पी९९. नुसत्या पोझिशनवर आणलं तर लांबीतल्या दोन-तीन शतांशाच्या फरकानंही जॉब मेन कॉलेटमध्ये मागं ढकलला जातो. पकडायच्या आधी सबच्या कॉलेटवर कूलंटची धार आणि हवा, दोन्ही. तोंडावर एक चिप राहिली की लांबी गेली आणि स्पिगॉट तिरका.

मशीन घ्यायच्या आधीची परीक्षा: मेनच्या चकला डायलचा स्टँड, सबमध्ये ग्राउंड पिन, हातानं एक फेरी. थंड मशीनवर एकदा, दोन तास चालल्यावर एकदा. थंड वाचन सगळेच दाखवतात.

लातूर_इलेक्ट्रिकल

मशीनपेक्षा आधी जमीन बघा साहेब. वाळूजला बऱ्याच प्लॉटमध्ये काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. वरवरच्या कोब्यावर मशीन ठेवलं की जूनमध्ये केलेलं लेव्हल ऑक्टोबरमध्ये राहत नाही, आणि दोन स्पिंडलच्या मशीनमध्ये बेड पिळला की पहिलं जातं ते मेन-सबचं सेंटर, म्हणजे वर क्यूएंनी सांगितलेलेच ते १० मायक्रॉन. मुरूम लागेपर्यंत माती काढा, मुरमाचा भराव ठोकून घ्या, मग मशीनच्या फाउंडेशन ड्रॉइंगप्रमाणं आरसीसी, बाजूच्या फरशीपासून सुटी. मीटरला ०.०२ च्या लेव्हलनं सेट करा. तीन महिन्यांनी पुन्हा, पहिला पावसाळा संपल्यावर पुन्हा.

वीज: जपानी मशीन पुष्कळदा २००-२२० व्होल्टचं असतं, ट्रान्सफॉर्मर कोटेशनमध्ये आहे का बघा. सर्व्हो स्टॅबिलायझर, स्वतंत्र अर्थिंग, आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. दोन स्पिंडल सिंकमध्ये जॉब धरून असताना वीज गेली तर मशीन काय करतं, हे डेमोत मेन स्विच पाडून बघा. दोन्ही एकत्र थांबायला हवेत. एक आधी थांबला तर जॉब कॉलेटमध्ये फिरतो आणि कॉलेट खराब करतो.

पाणी: बोअरवेलचं जड पाणी कूलंटमध्ये घालू नका. फेस कमी येतो म्हणून लोक खूश असतात, पण साबणासारखा थर बसतो, सी अ‍ॅक्सिसचे सील आणि वाय-स्लाइडचे वायपर कडक होतात. आरओचं पाणी घ्या, रिफ्रॅक्टोमीटरनं (कूलंटमधल्या तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या साधनानं) ८ ते १० टक्के ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरच्या आकड्याला त्या तेलाचा फॅक्टर गुणायचा, हे विसरू नका.

चिकलठाणा_क्यूए

उन्हाळ्याची भर घालतो. मे महिन्यात शेडमध्ये जॉब ३८ अंशांवर असेल तर २० अंशांच्या मानानं १८ चा ३१६एल बोअर ५ मायक्रॉननं मोठा असतो. एच७ ची पूर्ण जागाच १८ मायक्रॉन. स्टीलचा प्लग गेज जॉबशेजारी तेवढाच तापला असेल तर फरक दीड मायक्रॉनवर येतो. म्हणून गेज एसी खोलीतून आणून लगेच लावू नका, मशीनजवळ अर्धा तास ठेवा.

मशीनचं सांगायचं तर एक्सच्या बॉलस्क्रूची २५० मिमी लांबी ८ अंशांनी तापली तर २३ मायक्रॉन वाढते, व्यासावर त्याचे दुप्पट. कास्टिंगही सोबत वाढतं म्हणून सगळं जॉबवर उतरत नाही, पण उतरतं ते सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. एक्सला लिनिअर स्केल (प्रत्यक्ष जागा मोजणारी पट्टी) हा ऑप्शन घ्या. पैसे कमी पडत असतील तर पाच अ‍ॅक्सिसचा कंट्रोल सोडा, स्केल सोडू नका.

कॅमवाला_संभाजीनगर

स्केलबद्दल शंभर टक्के सहमत.

आता जागा. ६ बाय साडेचारमध्ये ३ मीटरचा बार फीडर बसणार नाही. कॅटलॉगमधल्या ‘कॉम्पॅक्ट’ मापात कन्व्हेयर, कूलंट टँक बाहेर ओढायची जागा, मागचं पॅनेलचं दार धरलेलं नसतं. आखूड फीडर घ्यावा लागेल, म्हणजे बार १ मीटरचे कापून. जॉब ९२, पार्टिंग ३, फेसिंग अर्धा, म्हणजे एका नगाला ९५.५. एक मीटरमध्ये दहा नगांनंतर ४५ मिमी उरतात, तेवढ्यात कॉलेटला पकड नाही. म्हणून नऊच नग आणि १४० चा तुकडा. तीन मीटरच्या बारमधून असे २७ नग. अखंड ३ मीटरच्या बारमधून ३० निघतात. ४० च्या ३१६ बारचं वजन मीटरला १० किलो, हिशेब करा. बार १ मीटरचा न कापता १,०५० चा कापला तर दहावा नग निघतो का, हे स्पिंडलची लांबी आणि कॉलेटची पकड बघून ठरतं. ते माप विक्रेत्याकडून ड्रॉइंगवर घ्या.

जालना_लेथ

पैशाचं कुणीतरी मांडा.

शेंद्रा_टूलरूम

समजा मशीन, फीडर, होल्डर, ट्रान्सफॉर्मर धरून १ कोटी २० लाख. सात वर्षांत फेडायचं म्हणजे वर्षाला १७ लाख, व्याज सरासरी ६ लाख, वीज-विमा-देखभाल ५ लाख. झाले २८ लाख. वर्षाला ४,००० तास चाललं तर तासाला ७०० रुपये, २,५०० तासच चाललं तर १,१२०. ऑपरेटर वेगळा. म्हणून रिकामा तास महाग, आणि १४ प्रकारांत रिकामा तास येतो सेटिंगमधून. ६० नगांच्या लॉटला साडेचार तास सेटिंग म्हणजे नगामागे साडेचार मिनिटं. तेच सेटिंग तासावर आलं तर नगामागे एक मिनिट. इथं कॅमवाल्यांचा मॅगझिनचा मुद्दा पुन्हा वर येतो, आणि मी माझं मत थोडं बदलतो. लॉट सरासरी शंभराच्या खाली असतील तर (ब). दीडशे-दोनशेचे असतील आणि प्रकार चार-पाचच वारंवार येत असतील तर (अ), बीएमटी, दुहेरी होल्डरसह.

लाईव्ह होल्डरांची यादी आणि भाव कोटेशनमध्ये वेगळे मागा. (अ) स्वस्त दिसतं ते बऱ्याचदा होल्डर न धरल्यामुळं. (ब) मध्ये पोस्ट प्रोसेसर (कॅमचा प्रोग्रॅम मशीनच्या कोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) आणि मशीनचं सिम्युलेशन मॉडेल पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. तिरक्या कोनात स्पिंडलचं डोकं सबच्या चकला कुठं लागतं, हे डोळ्यानं कळत नाही.

आणि (ब) जुनं घ्यायचं कुणी सुचवलं तर एक लक्षात ठेवा. पाच अ‍ॅक्सिस एकत्र चालवणारी मशीन निर्यात नियंत्रणात येतात, अनेक जपानी मशीनला जागा बदलली की लॉक पडणारं यंत्र असतं. ते उघडायला मूळ कंपनीची परवानगी लागते. चालू मशीन बघून पैसे दिले आणि आपल्या शेडमध्ये आणल्यावर सुरूच झालं नाही, असं होऊ शकतं. नवं मशीनही वाळूजहून शेंद्र्याला हलवायचं झालं तर आधी कळवावं लागतं.

वाळूज_प्रिसिजन

आमच्या चौदापैकी नऊ प्रकार ४० ते ८० नगांचे आहेत. म्हणजे (ब) कडं झुकतंय. तरी एक शंका. ४ चं तिरकं भोक ३८ च्या गोल पृष्ठावर ३५ अंशांत उतरतं. सध्या व्हीएमसीवर ड्रिल सरकतं, भोकाचं तोंड लांबट होतं. बी अ‍ॅक्सिसवर ते आपोआप सुटेल का?

कॅमवाला_संभाजीनगर

आपोआप नाही. ड्रिल सरकण्याचं कारण मशीन नसून पृष्ठाचा उतार आहे. एक धार आधी धातूला लागते, दुसरी हवेत असते, म्हणून टोक उताराकडं ढकललं जातं. तिरका कोन धरून आधी ४ चा एंडमिल सरळ खाली उतरवा, धार पूर्ण गोल लागेपर्यंत. फीड निम्मा ठेवा. सपाट तळ मिळाला की त्याच कोनात, सी आणि बी न हलवता, १४० अंश टोकाचं आखूड कार्बाइड ड्रिल. मधे बी सोडून पुन्हा लॉक केला तर दोन्ही भोकांत काही मायक्रॉनची पायरी पडू शकते. हे भोक आतल्या बोअरमध्ये फुटत असेल तर फुटायच्या अर्धा मिमी आधी फीड कमी करा, आणि फिनिश बोअरिंग त्यानंतर घ्या, म्हणजे आतली बर्र बोअरिंग बारच काढेल.

चिकलठाणा_क्यूए

हाच क्रम टेस्ट कटला लावायला सांगा. तुमचा बार, तुमचं ड्रॉइंग, सलग ३० नग. पहिला नग थंड मशीनवरचा, पंधराव्यानंतर ४५ मिनिटं मशीन बंद, मग पुढचे. नगांवर क्रमांक टाकून घ्या. बोअर, कॉन्सेंट्रिसिटी आणि तिरक्या भोकाची जागा त्रयस्थ सीएमएमवर (थ्री-डी मोजणीच्या मशीनवर) मोजा. मराठवाडा ऑटो क्लस्टर किंवा इंडो-जर्मन टूल रूमला आधी वेळ विचारून ठेवा. सोळाव्या नगाचा बोअर पंधराव्यापेक्षा किती वेगळा आला, तो आकडा इथं टाका.

वाळूज_प्रिसिजन

(ब) च्या विक्रेत्याला हेच लिहून पाठवलंय. बार आमचा, १,०५० चे चार तुकडे कापून देतोय.